काच कोणी पाहिली?

मावशीच्या मानेवर डाव्या बाजूला हरभऱ्याएवढी गाठ आली तेव्हा घरात कोणालाच त्याचे फारसे काही वाटले नाही. कळमनुरी तालुक्यातले आमचे गाव, हळद शिजवण्याचे आणि वाळवण्याचे दिवस. अशा दिवसांत बाईमाणसाच्या मानेवरची गाठ ही काही बातमी नसते. ती बोराएवढी झाली, संध्याकाळी अंग तापू लागले, तेव्हा तालुक्याच्या डॉक्टरांनी सुईची तपासणी करून आणायला सांगितले. एका लॅबमध्ये गाठीत सुई घालून पाणी काढले, काचेवर पसरले, आणि दोन दिवसांनी छापील कागद हातात ठेवला. क्षयाची गाठ. खाली डॉक्टरांची सही, पदवी, नोंदणी क्रमांक. सगळे कसे जागच्या जागी.

क्षयाच्या गोळ्या सुरू झाल्या. मावशीने त्या न चुकता घेतल्या. तिसऱ्या महिन्यात गाठ आवळ्याएवढी झाली आणि लुगड्याच्या निऱ्या सैल पडू लागल्या, तेव्हा आम्ही तिला नांदेडला नेले. तिथल्या डॉक्टरांनी कागद वाचला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाले, ‘‘हा कागद राहू द्या. काच आणा.’’

त्या दिवसापर्यंत मला हे ठाऊक नव्हते की रिपोर्ट म्हणजे कागद नव्हे. रिपोर्ट म्हणजे ती काच, आणि ती पाहिलेल्या माणसाचे मत. कागद हा नुसता निरोप्या. मी लॅबमध्ये गेलो. काच सापडत नाही म्हणाले. डॉक्टरसाहेब रविवारी येतात म्हणाले. रविवारी गेलो तर साहेब आले नव्हते. शेवटी तिथल्याच एका पोराने चहाच्या टपरीवर मला सांगितले, ‘‘काका, साहेब येत नाहीत. सह्यांचे कागद गठ्ठ्याने येतात.’’

नांदेडला अख्खी गाठ काढून तपासली. लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला, हॉजकिन नावाचा. सुदैवाने हा प्रकार औषधांना चांगला दाद देतो. मावशी आज बरी आहे, नातवंडांवर ओरडते आहे. पण इस्पितळातल्या खाटेवरून तिने मला एकच काम सांगितले होते, ‘‘त्या काचंला कोणी पाह्यलं व्हतं का नाही, येवढं इचारून ये.’’ ते काम माझ्याकडून झाले नाही.

हे सगळे आज आठवायचे कारण असे की पेशींच्या काचा वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आता आली आहे. ती मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत अडकून राहील आणि हिंगोलीला येणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. मोबाइल आला, तशी तीही येईल. किंबहुना जिथे डॉक्टर कमी तिथेच ती आधी येईल, कारण तिथेच तिचे समर्थन सोपे आहे.

मी डॉक्टर नाही. पण मावशीच्या निमित्ताने थोडे शिकलो. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मेलीनमध्ये बुडवतात, म्हणजे तो सडत नाही. मग मेणात बसवतात. त्या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात. तिचा केसापेक्षाही कितीतरी पातळ काप घेऊन काचेवर चिकटवतात आणि रंगवतात. पेशींची केंद्रे जांभळी दिसतात, बाकीचे गुलाबी. विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे आपला पॅथॉलॉजिस्ट, सूक्ष्मदर्शकातून त्या गुलाबी-जांभळ्या वस्तीत हिंडतो आणि सांगतो की इथे सगळे सुरळीत आहे, किंवा नाही. नव्या पद्धतीत त्या काचेचा अतिशय बारकाईने फोटो काढतात आणि संगणक तो तपासतो. त्याला आधी निदान ठाऊक असलेल्या हजारो काचांचे फोटो दाखवलेले असतात. त्यावरून तो नमुना ओळखायला शिकतो.

तो चांगले ओळखतो, हे मान्य केले पाहिजे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी डिसेंबर २०१७ मध्ये एक स्पर्धा प्रसिद्ध केली. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या काखेतल्या गाठींच्या १२९ काचा होत्या. कर्करोग तिथवर पसरला आहे का, हे सांगायचे होते. एका बाजूला संगणकाच्या प्रणाली, दुसऱ्या बाजूला अकरा पॅथॉलॉजिस्ट. डॉक्टरांना रोजच्या कामाच्या धबडग्यासारखी वेळेची मर्यादा घातली होती. सर्वोत्तम प्रणालीने त्यांना सहज मागे टाकले. बातमी तेवढीच पसरली. पण त्याच अभ्यासात आणखी एक पॅथॉलॉजिस्ट होता. त्याला म्हटले होते, हवा तेवढा वेळ घे. त्याने सुमारे तीस तास घेतले आणि तो यंत्राच्या जवळपास बरोबरीला आला. यंत्राने माणसाला हरवले असे म्हणण्यापेक्षा, घाईतल्या माणसाला हरवले, असे म्हणणे मला जास्त खरे वाटते. पुढे सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी प्रोस्टेटच्या काचा तपासायला मदत करणाऱ्या ‘पेज प्रोस्टेट’ या प्रणालीला परवानगी दिली. पॅथॉलॉजीतली ही तिथली अशी पहिलीच परवानगी. तिची अट लक्षात ठेवण्यासारखी आहे: ही प्रणाली डॉक्टरला मदत करील, त्याची जागा घेणार नाही.

आता प्रामाणिकपणे सांगतो. हे सारे वाचले तेव्हा मला पहिल्यांदा आनंदच झाला. आमच्या त्या लॅबमध्ये असे यंत्र असते तर? त्याने निदान काच पाहिली तरी असती! न येणाऱ्या डॉक्टरपेक्षा न झोपणारे यंत्र बरे, हे गणित कोणालाही पटेल. ‘यंत्राला आत्मा नसतो, करुणा नसते’ असले लेख शहरातली मंडळी लिहितात, त्यांच्या गल्लीत चार पॅथॉलॉजिस्ट असतात. ज्याच्या जिल्ह्यात करुणेला बसायला खुर्चीच नाही, त्याने काय करावे?

पण दुसऱ्या रात्री मला त्या गठ्ठ्याची आठवण झाली. सह्यांच्या कोऱ्या कागदांच्या.

उसनी सही

पॅथॉलॉजी अहवालावर सही कोणाची असावी, हा आपल्याकडे जुना वाद आहे. तंत्रज्ञांनी चालवलेल्या लॅब आणि एकाच वेळी कितीतरी गावच्या लॅबना सही उसनी देणारे डॉक्टर यांच्याविरुद्ध राज्यातल्या पॅथॉलॉजिस्टांच्याच संघटनेने वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, गुजरातमधून आलेल्या प्रकरणात, निर्वाळा दिला की अहवालावर सही पॅथॉलॉजीची पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच हवी. निकाल योग्यच. पण सही खरी आहे का, हे न्यायालय पाहू शकते. सही करण्यापूर्वी डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला होता का, हे कोण पाहणार? आपला नर्सिंग होम नोंदणीचा कायदा १९४९ चा. तो रुग्णालयांसाठी झाला. लॅब त्याच्या कक्षेत कधी नीट आल्याच नाहीत.

यात तंत्रज्ञांना खलनायक करण्याचा माझा हेतू नाही, हे इथेच सांगतो. रात्री-अपरात्री दार उघडून रक्त काढणारा पोरगा तंत्रज्ञच असतो. हिमोग्लोबिन, साखर ही कामे तो चोख करतो. प्रश्न मताचा आहे. गाठ साधी की वाईट, हे मत आहे, आणि मत देणाऱ्याला जबाबदार राहावे लागते.

मला भीती वाटते ती इथे. यंत्र चुकेल, याची नव्हे, माणसेही चुकतातच. भीती ही, की न पाहता सही करण्याच्या आपल्या जुन्या खोडीला हे यंत्र एक प्रतिष्ठित आडोसा देईल. आजवर सही उसनी देणाऱ्याच्या मनात थोडी तरी धाकधूक असायची. उद्या तो म्हणेल, ‘यंत्राने पाहिले आहे, मी फक्त शिक्कामोर्तब केले.’ कंपनी म्हणेल, ‘आम्ही केवळ मदतनीस, निदान डॉक्टरचे.’ लॅबचा मालक दोघांकडे बोट दाखवील. आणि मावशी विचारील, काच कोणी पाहिली? तेव्हा तीन जण असूनही उत्तर द्यायला कोणीच नसेल.

‘अहो, पण डॉक्टर अखेरचा हात फिरवणारच आहे,’ असे यावर सांगतात. फिरवील, पण कसा? जर्मनीतून २०२३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्तनांच्या क्ष-किरण चित्रांवर २७ तज्ज्ञांना यंत्राचा म्हणून सल्ला दाखवला होता, आणि काही ठिकाणी तो मुद्दाम चुकीचा ठेवला होता. सल्ला बरोबर असताना सर्वांत अनुभवी मंडळी शंभरात ८२ वेळा बरोबर ठरली. सल्ला चुकीचा असताना ४५ वेळा. नवख्यांचे तर बोलायलाच नको, ते ८० वरून २० वर घसरले. मुरलेल्या डॉक्टरांनीही डोळ्यांना दिसत असलेले सोडून यंत्राचे ऐकले. पोलंडमध्ये आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करणाऱ्या डॉक्टरांबाबत २०२५ मध्ये आणखी वेगळी गोष्ट दिसली. यंत्राची सोबत सुरू झाल्यानंतर त्यांनी यंत्राविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आले. गणकयंत्र आल्यावर आपले पाढे गेले, तसेच हे. फरक एवढाच की पाढे गेल्याने कोणाचा जीव जात नाही.

कोणाच्या काचा?

दुसरी गोष्ट, यंत्र शिकले कोणाच्या काचांवर? डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतीय पॅथॉलॉजीतले आद्य नाव. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये काम करताना १९४५ साली त्यांनी सूर्याबाई या सहकाऱ्यासह एक निबंध प्रसिद्ध केला, लोकांच्या चालीरीतींमुळे होणाऱ्या कर्करोगांवर. त्यात धोतर कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळून नेसल्याने तिथल्या त्वचेला होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन होते. पुढे लुगडे आणि साडी नेसणाऱ्या बायकांतही तो आढळला. काचेवर तो कर्करोग म्हणून ओळखणे अवघड नाही. पण तो कमरेच्या त्याच पट्ट्यात का येतो, हे ओळखायला धोतर नेसणारा माणूस पाहिलेला असावा लागतो. न्यूयॉर्कच्या काचांवर वाढलेल्या यंत्राने आपला क्षय किती पाहिला असेल? आमच्या मावशीच्या बाबतीत घोळ झाला तो नेमका क्षय आणि कर्करोग यांच्यात. शिवाय आपल्याकडे तुकडा कधी फॉर्मेलीनऐवजी सलाईनमध्येच टाकून धाडतात, कधी रंग फिका, कधी काप दुमडलेला. अनुभवी डॉक्टर अशी काच पाहून म्हणतो, ‘हे मला वाचता येत नाही, पुन्हा पाठवा.’ ‘मला कळत नाही’ हे म्हणता येणे ही या धंद्यातली फार मोठी विद्या आहे. यंत्राला ती मुद्दाम शिकवावी लागते.

मग उपाय हाच ना की यंत्राला आपल्या काचा दाखवाव्यात? होय. पण इथेही जरा सांभाळून. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग या प्रख्यात कर्करोग रुग्णालयात साठ वर्षांत जमलेल्या अडीच कोटी काचा होत्या. तिथल्याच काही वरिष्ठ मंडळींचे हितसंबंध असलेल्या एका नव्या कंपनीला त्या वापरण्याचा खास हक्क दिल्याचे २०१८ मध्ये बाहेर आले. त्याविरुद्ध आवाज उठवला तो तिथल्याच पॅथॉलॉजिस्टांनी. ती कंपनी म्हणजे वर सांगितलेली पेज. त्यांचे म्हणणे सोपे होते: काचा रुग्णांच्या, मेहनत आमची, आणि मालकी तिसऱ्याची कशी?

आपल्या मराठवाड्याला तर हा प्रश्न नवा वाटू नये. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाने १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मोठा अभ्यास केला. १,३१,७४६ बायका त्यात होत्या. विषाणूची एक चाचणी आयुष्यात एकदा केली, तरी या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये सिद्ध झाले. चाचणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, न झालेल्या गटात ६४. जगभरच्या डॉक्टरांनी या आकड्यांचा आधार घेतला. ज्या गटाची तपासणी केलीच नाही त्याबद्दल पुढे वादही झाले, आणि ते व्हायलाच हवे होते. पण मला बोचते ते दुसरेच. ज्या मातीतल्या बायकांनी जगाला हे ज्ञान दिले, त्या मातीत ती चाचणी किती घरांपर्यंत पोचली? वाचकांनी आज जेवताना आपल्याच घरातल्या तिशी ओलांडलेल्या बाईला विचारून पाहावे.

म्हणून सरकारी दवाखान्यात तुकडा देणाऱ्या बाईला, तिच्या भाषेत, सांगितले पाहिजे की तुझी काच यंत्राला शिकवायला वापरणार आहोत. नको असेल तर नाही म्हण, उपचार थांबणार नाहीत. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत संमती, गोपनीयता, जबाबदारी, सर्वांना समान लाभ, सारे काही आहे. तत्त्वे उत्तम आहेत. ती तत्त्वेच आहेत, एवढेच. इंग्रजी कागदावर उमटवलेल्या अंगठ्याला संमती म्हणायची आपली सवय त्यांनी सुटेल असे वाटत नाही.

यंत्र तपासायचे कसे, याचे उत्तर मात्र गंमत म्हणजे आपल्या जिल्ह्यातच आहे. औंढा नागनाथजवळ लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीने अवकाशात उठणारी अतिसूक्ष्म थरथर ती टिपणार. अमेरिकेतल्या लायगोची एक हकिकत आहे. सप्टेंबर २०१० मध्ये यंत्रात एक सुंदर संकेत आला, बृहल्लुब्धक तारकासमूहाच्या दिशेने. शेकडो शास्त्रज्ञ सहा महिने राबले, निबंध लिहून तयार झाला. मार्च २०११ मध्ये भरसभेत पाकीट उघडले. संकेत खोटा होता! त्यांच्यातल्याच दोन-चार जणांनी, यंत्र आणि माणसे जागी आहेत का हे पाहण्यासाठी, ठरल्याप्रमाणे गुपचूप घुसवलेला. कोणी रागावले नाही, कारण तसे होऊ शकते हे सर्वांना आधीच ठाऊक होते. पुढे सप्टेंबर २०१५ मध्ये खरा संकेत आला, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला गेला की पुन्हा तसेच तर नाही ना? तो खरा निघाला, आणि जगाने विश्वास ठेवला.

असे काही करायला अब्जावधी रुपये लागत नाहीत. आपल्या क्षयरोग कार्यक्रमात थुंकीच्या काचा, आधीचे उत्तर न सांगता, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घेण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली आहे. घरोघर फिरून बोट टोचणारा हिवतापाचा कर्मचारी ज्यांना आठवतो, त्यांना हेही आठवत असेल की त्याच्या काचाही वरच्या प्रयोगशाळेत पडताळणीला जात. साध्या पगारातल्या माणसांवर आपण ही शिस्त लादली. मग लाखो रुपयांच्या यंत्राला त्यातून सूट का? दर महिन्याला उत्तर ठाऊक असलेल्या वीस-पंचवीस काचा त्याच्या रांगेत मिसळाव्यात आणि निकाल दाराबाहेर फळ्यावर लिहावा. हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात व्यापारी हळकुंड मोडून रंग पाहतो तो शेतकऱ्यासमोर. भाव पटला नाही तर माल परत नेता येतो. रुग्णाला रिपोर्ट परत नेता येत नाही, तेव्हा निदान हळकुंड तरी त्याच्यासमोर मोडावे.

हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पॅथॉलॉजी असते. ती मुले-मुली काचा पाहायला शिकतील. या महाविद्यालयात यंत्र जरूर आणावे, आधी आणावे. पण मुलांनी काच अगोदर आपल्या डोळ्यांनी पाहून मत वहीत लिहावे आणि मग यंत्राला विचारावे. हा क्रम उलटा झाला तर पोलंडची गोष्ट इथे व्हायला वेळ लागणार नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक अहवालावर दोन ओळी मराठीत छापाव्यात: यंत्राने काय सांगितले, आणि काच कोणत्या डॉक्टरने कोणत्या तारखेला स्वतः पाहिली. पाहिली नसेल तर तसे लिहावे. त्यातही लाज नाही. निदान रुग्ण पुढच्या गावी जाईल, तीन महिने चुकीच्या गोळ्या खात बसणार नाही. आणि काच व ब्लॉक मागितल्यावर मिळालेच पाहिजेत. मोठ्या रुग्णालयांत बाहेरचा कागद कोणी प्रमाण मानत नाही, ब्लॉकच मागतात, हे ज्याच्या घरात कर्करोग येऊन गेला त्याला सांगावे लागत नाही.

मावशी अजून तपासणीला नांदेडला जाते. तिच्या गाठीचा ब्लॉक आणि दोन काचा तिने रुग्णालयातून मागून घेतल्या आहेत. त्या चिंध्यांत गुंडाळून तिने पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या पिशवीशेजारी ठेवल्या आहेत. गेल्या खेपेला तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. मावशीने पिशवी सोडली आणि त्यांच्यापुढे काच धरली. बाईंनी ती उजेडाकडे धरून पाहिली, मग उठून आतल्या खोलीत सूक्ष्मदर्शकाकडे घेऊन गेल्या. मावशी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.